नळाचं बिल दुप्पट आणि टँकरही तीन: घोडबंदर रोडच्या सोसायटीने पाण्याचा हिशेब कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या पुढे, ९६ सदनिकांची दोन विंगची सोसायटी. महापालिकेची ५० मिलिमीटरची एकच जोडणी. रोज पहाटे ४ ते ८ पाणी येतं, तेही कमी दाबाने. मागच्या देयकात ९२ दिवसांचा वापर ६,९९२ घनमीटर दाखवला आहे, म्हणजे आधीच्या देयकांच्या जवळपास दुप्पट. शिवाय रोज १० हजार लिटरचे तीन टँकर, प्रत्येकी २,२०० रुपये. सभासद म्हणतात मीटर हवेवर फिरतो, प्लंबर म्हणतो खालची टाकी गळते, टँकरवाला म्हणतो महापालिकाच पाणी देत नाही. खरं काय ते कसं शोधायचं आणि खर्च सभासदांत कसा वाटायचा?

तिघांपैकी कुणाचंही ऐकून लगेच फोडाफोडी सुरू करू नका. आधी कागद-पेन्सिल घ्या, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे.

सांडपाण्याची वाहिनी असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचं रूढ प्रमाण आहे. घरटी चार माणसं धरली तर ९६ सदनिकांत ३८४ माणसं आणि रोजची गरज सुमारे ५२ हजार लिटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणून देयकातले ६,९९२ घनमीटर भागिले ९२ दिवस म्हणजे रोज ७६ हजार लिटर. हे नुसतं नळाचं. त्यात टँकरचे ३० हजार मिळवले की रोज १ लाख ६ हजार लिटर, माणशी २७६ लिटर. एवढं पाणी खरोखर आत येत असेल तर तुमच्याकडे टंचाई नाही, कुठेतरी भगदाड आहे. आणि टंचाई खरी असेल तर देयक चुकलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. सभेत हे एवढं जरी फळ्यावर लिहिलंत तरी वाद निम्मा होईल.

दुसरी खूण पाईपच्या मापात आहे. चार तासांत ७६ घनमीटर म्हणजे तासाला १९. ५० मिलिमीटरच्या पाईपमधून एवढं पाणी जायला वेग सेकंदाला २.७ मीटरच्या आसपास लागतो. जोडणीचा पाईप ३० मीटर लांब आणि जुना जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) असेल तर नुसत्या घर्षणातच ८ मीटरहून उंच पाण्याइतका दाब खर्च होतो. मीटर, स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी), व्हॉल्व्ह यांचा वेगळा. कमी दाबाच्या लाइनवर हे जमत नाही. म्हणून पहिला संशय गळतीवर नको, रीडिंगवर घ्या.

देयक हातात घेऊन मागचं आणि चालू रीडिंग शोधा आणि त्यावर रीडिंग प्रत्यक्ष आहे की सरासरी, हे बघा. मीटरवरचे काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल आकडे किंवा लाल काटे त्याच्या अपूर्णांकाचे. लाल आकडा काळ्यात धरला की वापर दहापट होतो आणि असली चूक लगेच डोळ्यात भरते. डोळ्यात न भरणारी चूक वेगळीच असते. चेंबरमध्ये पाणी साचलेलं, काचेवर चिखल किंवा आतून वाफ, म्हणून दोन-तीन वेळा अंदाजाने कमी वापर टाकला जातो. मग एकदा कुणीतरी चेंबर उपसून खरं रीडिंग घेतं आणि मागचा सगळा फरक एकाच देयकात येतो. पाणी तुम्ही वापरलेलंच असतं, पण दर टप्प्याटप्प्याचा असेल तर सगळा फरक वरच्या टप्प्याच्या दराने लागतो. अशा वेळी फरक जितक्या कालावधीचा आहे तितक्या कालावधीत विभागून देयक सुधारून मागा. मागच्या सहा देयकांची रीडिंग एकाखाली एक लिहिली की हे दोन मिनिटांत कळतं. आजपासून रोज पाणी येण्याआधी आणि बंद झाल्यावर मीटरचा मोबाईलवर फोटो काढायला वॉचमनला सांगा. फोटोवर तारीख-वेळ आपोआप येते आणि कार्यालयात वादाला जागा राहत नाही.

आता मुख्य चाचणी. तुमची जमिनीखालची टाकी हेच तुमचं सगळ्यांत भरवशाचं माप आहे. ती आतून ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद धरतो (तुमची वेगळी असेल तर तुमची मापं घाला). क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर चढली की २४० लिटर आले. मध्ये खांब किंवा विभाजक भिंत असेल तर तेवढं क्षेत्रफळ वजा करा. ॲल्युमिनियमच्या सरळ पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि पट्टी मॅनहोलच्या त्याच कडेला, त्याच जागी टेकवून मोजा. टाकीत माणूस उतरवू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि साफसफाईच्या वेळी माणसं त्यानेच गुदमरतात.

आदल्या रात्री पाणी वर चढवून खालच्या टाकीची पातळी मीटरभराच्या खाली आणा. पहाटे पावणेचारला पंपाचा मेन स्विच बंद करून चावी स्वतःजवळ ठेवा. चार वाजल्यापासून दर १५ मिनिटांनी मीटरचं रीडिंग आणि टाकीची पातळी शेजारी शेजारी लिहा. त्या दिवशी सकाळी टँकर घेऊ नका.

समजा पहिल्या १५ मिनिटांत मीटर २.९ घनमीटर फिरला आणि टाकी चढली फक्त ४ सेंटिमीटर, म्हणजे ०.९६ घनमीटर. त्यानंतर मात्र दर १५ मिनिटांना मीटर २.२ आणि टाकी ९ सेंटिमीटर, म्हणजे २.१६. याचा अर्थ मीटर पाणी बरोबर मोजतोय, पण सुरुवातीला हवाही मोजतोय. ठराविक वेळेच्या पुरवठ्यात पाणी बंद झालं की मुख्य वाहिनी रिकामी होते आणि तिच्यात हवा भरते. पहाटे व्हॉल्व्हमनने चावी उघडली की पाण्यापुढे ती हवा धावते आणि जी जोडणी उंचावर किंवा टोकाला असेल तिच्यातून बाहेर पडते. हवेला पाण्याइतका अडथळा होत नाही, म्हणून काटा भिंगरीसारखा फिरतो. सभासद बघतात ते खोटं नाही.

पण चार तासांचा हिशेब पुरा करा. मीटरवर २.९ अधिक १५ गुणिले २.२, म्हणजे ३५.९ घनमीटर. टाकीत ३३.४. हवेचा वाटा रोज अडीच घनमीटर, सुमारे ७ टक्के. ९२ दिवसांत हे २३० घनमीटर होतात. पैसे द्यायचे नाहीत असं म्हणण्याइतकं हे नक्कीच आहे, पण देयक दुप्पट व्हायला हवा पुरत नाही. सगळं खापर हवेवर फोडलं की खरं कारण तसंच राहतं.

पहिली १५ मिनिटं सोडून पुढेही फरक ५ टक्क्यांच्या वर राहिला तर मीटर सदोष. घरगुती मीटरच्या भारतीय मानकात, आयएस ७७९ मध्ये, नेहमीच्या प्रवाहाला अधिक-उणे २ टक्के आणि अगदी मंद प्रवाहाला ५ टक्के चूक चालते. पट्टीच्या मोजणीत आपलीही एक-दोन टक्के चूक धरा, म्हणून ५. मात्र जुना यांत्रिक मीटर बहुतेक वेळा हळूच फिरतो. पाती झिजतात, कचरा अडकतो आणि पाणी कमी मोजलं जातं. नवा मीटर बसला की देयक वाढतं ते यामुळेही. आधीच्या देयकांत मीटर मागे पडत होता का, हे मीटर कधी बदलला त्या तारखेवरून बघा.

हवेवर उपाय दोन. मीटर जोडणीच्या सगळ्यांत खालच्या जागी, आडवा बसवायचा आणि त्याच्या पुढचा पाईप थोडा वर उचलून मग टाकीकडे न्यायचा, म्हणजे पाणी बंद झाल्यावरही मीटरच्या पोटात पाणी राहतं. मीटरच्या आधी पाईपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट लांबी सरळ हवी. ५० मिलिमीटरला अर्धा मीटर आणि पाव मीटर. एल्बोला (पाईपच्या वळणाला) चिकटून बसवलेला मीटर कधीच नीट मोजत नाही. दुसरा उपाय एअर व्हॉल्व्हचा, तो मीटरच्या आधी आणि उंच बिंदूवर. मीटरच्या आधीच्या भागाला महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावू नका, सील तुटलं तर उलटा दंड तुम्हालाच. व्हॉल्व्ह फक्त हवा बाहेर सोडणारा घ्या. दोन्ही बाजूंनी काम करणारा घेतलात आणि चेंबरमध्ये गटाराचं पाणी साचलं तर वाहिनी रिकामी होताना तेच पाणी आत ओढलं जातं.

असाच, पण याहून मोठा धोका मीटरला थेट पंप लावण्यात आहे. दाब कमी म्हणून घोडबंदर पट्ट्यात हा प्रकार सर्रास चालतो. पंप मुख्य वाहिनीत निर्वात दाब तयार करतो आणि रस्त्याखालच्या प्रत्येक सैल सांध्यातून आजूबाजूचं पाणी आत शिरतं. त्याची कावीळ आणि गॅस्ट्रो शेजारच्या इमारतीतल्या मुलांनाही होतो. तो बेकायदा तर आहेच. तुमच्याकडे असेल तर आजच काढा. पाणी नेहमी उघड्या तोंडाने खालच्या टाकीत पडलं पाहिजे, पंप त्याच्यापुढे.

मग दाब वाढवायचा कसा? आधी बघा की तो रस्त्यावरच कमी आहे की तुमच्या पाईपमध्ये मरतोय. महापालिकेची परवानगी घेऊन मीटरच्या आधीच्या टॅपिंगवर ० ते ४ किलोचा प्रेशर गेज परवानाधारक प्लंबरकडून बसवून घ्या आणि सात दिवस दर १५ मिनिटांनी लिहा. एक किलो म्हणजे साधारण १० मीटर उंचीचा दाब. इनलेट (टाकीत पाणी येणारा पाईप) बंद करून गेज १ किलो दाखवतो आणि इनलेट उघडल्यावर टाकीत धार बारीक पडते, असं असेल तर दोष तुमच्याकडे आहे. स्ट्रेनर आधी उघडून बघा. पावसाळ्यात आणि दुरुस्तीच्या शटडाऊननंतर त्यात गाळ, तागाचे धागे आणि सिमेंटचे कण अडकलेले सापडतात. त्यानंतर पाईप. जुन्या जीआय पाईपला आतून गंजाचे फोड येतात. ५० चा पाईप आतून ४० झाला की त्याच दाबात प्रवाह ५५ टक्क्यांवर येतो, म्हणजे चार तासांचं पाणी सव्वादोन तासांचं झालं. पाईपचा एक तुकडा कापून आत बोट फिरवा, अंदाज येईल. तो बदलून एमडीपीई (न गंजणारा प्लास्टिकचा पाईप) टाकायचा खर्च टँकरच्या काही आठवड्यांत वसूल होतो. आणि गेजच मुळात ०.२-०.३ किलो दाखवत असेल तर रस्त्यावर दाब नाही. तेव्हा सात दिवसांचा तक्ता जोडून माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली पाण्याच्या दाबाची तक्रार, नादुरुस्त मीटरची तक्रार आणि पाण्याच्या गुणवत्तेची तक्रार या तिन्ही अधिसूचित सेवा आहेत. अर्जात हा कायदा लिहा आणि पोच घ्या. मुदतीत काम झालं नाही तर अपिलाची सोय त्याच कायद्यात आहे. आकडे नसलेली तक्रार ‘पाणी कमी येते’ एवढ्या ओळीवर निकाली निघते, तक्ता जोडलेली काढता येत नाही.

देयकाविरुद्ध अर्ज केला म्हणून पैसे भरायचे थांबवू नका. मागच्या वर्षीच्या सरासरीइतकी रक्कम आक्षेप नोंदवून भरा, नाहीतर विलंब शुल्क चढतं आणि थकबाकीवर जोडणी तोडायला कारण मिळतं.

आता गळती. खालच्या टाकीची चाचणी रात्री १ ते ५ मध्ये घ्यायची, पण तुमच्याकडे पाणी ४ ला येतं म्हणून रात्री ११ ते ३ घ्या. पंप बंद, इनलेटचा व्हॉल्व्ह बंद. चार तासांत पातळी २ सेंटिमीटर उतरली तर ४८० लिटर गेले, दिवसाला २,८८० लिटर. अर्ध्या सेंटिमीटरच्या आतला फरक सोडून द्या. पातळी उतरण्याऐवजी चढली तर मात्र काळजी करा. पावसाळ्यात भूजल वर आलेलं असतं आणि भेगेतून बाहेरचं पाणी आत येतं. शेजारी ड्रेनेजचा चेंबर असेल तर त्या दिवसापासून ते पाणी पिण्याला देऊ नका.

मग पंप. २० मिनिटं चालवा आणि खालची पातळी किती उतरली, वरची किती चढली हे दोघांनी एकाच वेळी मोजा. खाली २० सेंटिमीटर म्हणजे ४,८०० लिटर. त्या विंगची वरची टाकी ४ बाय ३ मीटरची असेल तर तिथे ४० सेंटिमीटर चढायला हवं. ३४ चढलं तर ७२० लिटर वाटेत गेले. चाचणीच्या वेळी वरच्या टाकीचे आउटलेट बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर लोकांनी वापरलेलं पाणी गळतीत धराल. वाटेत म्हणजे कुठे? पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पकडत नसेल तर पंप थांबल्यावर राइझरमधलं (उभ्या पाईपमधलं) पाणी मागे खाली येतं. आग विझवण्याच्या टाकीकडे जाणारा बायपास अर्धवट उघडा असतो आणि ती टाकी भरून वाहत असते. ही जागा सहसा कुणी बघत नाही, कारण तिचा ओव्हरफ्लो गच्चीच्या पन्हाळीत जातो आणि रात्री आवाजही येत नाही. वरच्या टाक्यांचा बॉलकॉक किंवा फ्लोट स्विच अडकला तर तेच. ओव्हरफ्लोचा पाईप थोडा कापून लिफ्टरूमच्या दारासमोर, दिसेल असा सोडा. पाणी पडलं की कुणीतरी बोंब मारेलच.

सगळ्यांत जास्त पाणी मात्र घराघरांतल्या फ्लशमधून जातं आणि ते कुणाला दिसत नाही. झोपायच्या आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका, अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरलेला दिसला तर वॉशर गेलाय. मिनिटाला अर्धा लिटर ही अगदी बारीक धार, पोर्सेलिनवर नुसती चकाकी दिसते. दिवसाला ७२० लिटर होते. ९६ पैकी १० घरांत अशी धार असेल तर ७,२०० लिटर, म्हणजे पाऊण टँकरच्या आसपास. वॉशर काही रुपयांचा असतो. सोसायटीने स्वतःच्या खर्चाने प्लंबर लावून सगळ्या घरांचे एकदाच बदलून घ्यावेत, सभासदांवर सोडलं तर होत नाही. नेमकी कोणती घरं हे शोधायचं तर पहाटे २ ते ४ मध्ये वरच्या टाकीच्या एकेका राइझरचा व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्याच्या बंद होण्याने पातळी उतरायची थांबते, त्या राइझरवरच्या घरांतच शोधायचं.

टँकरही त्याच पट्टीने मोजा. १० हजार लिटर म्हणजे तुमच्या टाकीत ४१.७ सेंटिमीटर. ओतताना पंप बंद ठेवा. ३६ सेंटिमीटर चढले तर ८,६४० लिटर आले आणि हजार लिटरला २२० नव्हे, २५५ रुपये पडले. चोरीच असेल असं नाही; टँकर वर पूर्ण भरत नाहीत, पाणी रस्त्यावर सांडतं, तळाशी उरतं. पण पैसे सेंटिमीटरवर द्यायचे असं ठरवून घ्या आणि चलनावर चढलेली पातळी लिहून दोघांच्या सह्या घ्या.

आता तुमचे आकडे जुळवून बघा, वरच्या उदाहरणातलेच घेतो. नळाचे ३३.४ हजार आणि तीन टँकरचे प्रत्यक्षात २५.९ हजार, मिळून ५९.३. गरज ५२. जास्तीचे ७.३ हजार म्हणजे जवळजवळ ती दहा घरांची फ्लशगळती. चाचणीनंतर तुमचाही जमाखर्च असा हजार-पाचशे लिटरच्या आत बसला पाहिजे. बसला नाही तर एखादी वाट राहिली आहे. बसला तर निर्णय सोपा: फ्लश दुरुस्त केले की तूट उरते १८-१९ हजारांची, म्हणजे मापात भरलेले दोन टँकर. आणि रोजचं ७६ हजार लिटरचं देयक ३३-३६ हजार लिटरवर आणून मागायला हातात पुरावा.

टँकरच्या पाण्याची जातही बघा. भातसा किंवा उल्हास नदीचं शुद्ध केलेलं पाणी मऊ असतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर साधारण शंभराच्या आसपास. टँकरचं ५००-६०० दाखवत असेल तर ते बोअरचं किंवा मिसळलेलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतं, तेव्हा आकडा मोठा म्हणजे विष असं नाही. पण टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. त्यासाठी क्लोरीनचं किट ठेवा. नळाशी उरलेला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. टँकरच्या पाण्यात तो नसेल तर १० हजार लिटरला चांगल्या प्रतीची २५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा आणि पुन्हा तपासा. पावडरचं पोतं उघडं राहिलं की दमट हवेत तिची ताकद जाते, म्हणून मोजमापावर नाही, किटवर विश्वास ठेवा. आणि महापालिकेच्या शंभर टीडीएसच्या पाण्याला घरोघरी आरओ लावायची काही गरज नाही. एक लिटर प्यायला मिळावं म्हणून दोन-तीन लिटर मोरीत जातं. टंचाईच्या सोसायटीत हे थांबवता येण्यासारखं आहे.

पाणी नेमकं कुठून येतं हेही सचिवांना माहीत हवं, कारण ठाण्यात एकच शहर चार ठिकाणचं पाणी पितं. महापालिकेच्या नेहमीच्या हिशेबात रोजचे ५८५ दशलक्ष लिटर: स्वतःच्या योजनेतून २५० (भातसा नदीवर पिसे इथे उचल, टेमघरला शुद्धीकरण), एमआयडीसीचे १३५, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचे ११५ आणि मुंबई महापालिकेचे ८५. एमआयडीसीची वाहिनी जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातून कटाई नाक्यामार्गे येते. म्हणून तिच्या शटडाऊनच्या बातमीत नेहमी दिवा, मुंब्रा, कळवा, रुपादेवी पाडा, किसननगर नंबर २, नेहरूनगर आणि कोलशेत खालचा गाव हीच नावं असतात. मुंबईने कपात जाहीर केली की कोपरी-नौपाड्याच्या बाजूला झळ लागते. घोडबंदरला बातमी वाचायची ती स्टेमची आणि पिसे-टेमघरची. ‘पुढील एक ते दोन दिवस कमी दाबाने पाणीपुरवठा’ ही ओळ औपचारिक नाही. रिकाम्या झालेल्या वाहिन्या भरून टोकाला दाब यायला तेवढा वेळ खरंच लागतो आणि घोडबंदर टोकाला आहे. तेव्हा खालच्या-वरच्या टाक्या मिळून किमान दीड दिवसाचा, म्हणजे तुमच्यासाठी ७८ हजार लिटरचा साठा शटडाऊनच्या आदल्या रात्री भरलेला ठेवा.

खाडीपलीकडच्या नवी मुंबईशी दराची तुलना सभेत हमखास होते. नवी मुंबई महापालिकेकडे खालापूर तालुक्यात स्वतःचं मोरबे धरण आहे आणि भोकरपाड्याला ४५० दशलक्ष लिटरचं शुद्धीकरण केंद्र. ठाण्याच्या मालकीचं धरण नाही. नदीतून उचललेल्या कच्च्या पाण्याला महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरवलेला दर, पंपांची वीज, तुरटी-क्लोरीन आणि वर स्टेम, एमआयडीसी, मुंबई यांच्याकडून घाऊक विकत घेतलेलं पाणी, हा सगळा खर्च ठाण्याच्या दरात येतो. तरीही तुमच्या ताळेबंदात नळाचं पाणी ही सगळ्यांत स्वस्त ओळ आहे. टँकरचे महिन्याला १ लाख ९८ हजार त्याच्या शेजारी लिहून बघा.

राहिला वाटपाचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी प्रत्येक सदनिकेतल्या नळांच्या इनलेटची संख्या आणि आकार यांवर वाटायची आहे. क्षेत्रफळावर नाही, माणसं मोजूनही नाही. टँकरचा खर्चही पाण्याचाच, त्यालाही हाच आधार लावा आणि तसा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या. घरटी मीटरचा आग्रह कुणी धरला तर आधी राइझर मोजा. स्वयंपाकघराला एक आणि दोन न्हाणीघरांना दोन असे तीन राइझर एका घरात येत असतील तर ९६ घरांना २८८ मीटर लागतील. त्यांचं रीडिंग घेणं आणि ते दुरुस्त ठेवणं हे कायमचं काम होऊन बसतं. त्याऐवजी दोन्ही विंगच्या वरच्या टाक्यांच्या आउटलेटवर एकेक मीटर बसवा. कोणत्या विंगमध्ये पाणी जिरतंय ते रोज कळेल.

चाचणीचा दिवस निवडताना शटडाऊन आणि त्यानंतरचे दोन दिवस टाळा. त्या काळात वाहिनीत नेहमीपेक्षा जास्त हवा असते आणि दाबही खरा नसतो. सलग तीन पहाटे मोजा, तिन्ही तक्ते अर्जाला जोडा आणि मीटर तपासणीच्या दिवशी महापालिकेचा माणूस येईल तेव्हा तीच पट्टी त्याच्या हातात देऊन चौथी मोजणी त्याच्याकडून करून घ्या.